हार्लेमची गाडी, कोपरखैरण्याची पेटी

आपल्या वस्त्यांना पेटी नवी नाही. 14 एप्रिलच्या आधीच्या पंधरवड्यात कोपरखैरण्याच्या सेक्टरांमधून संध्याकाळी फेरफटका मारला, तर कुठल्या ना कुठल्या घरातून भीमगीतांची तालीम कानावर येतेच. ढोलकी, पेटी आणि अलीकडे कॅसिओ. पियानो मात्र आपल्याला ठाऊक तो सिनेमातला. नायकाने सूट घालून बसायचे, नायिकेने खांबाला टेकून ऐकायचे आणि एवढा थोरला दिवाणखाना कुणाच्या पैशाचा, हा प्रश्न आपण विचारायचा नाही! तेव्हा वस्तीतली अकरावीतली एक मुलगी अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचे एक जॅझचे गाणे पियानोच्या पद्धतीने शिकते आहे, असे समजल्यावर आम्ही मुद्दाम चौकशीला गेलो. तिथे जे पाहिले आणि ऐकले ते एका मुलीच्या हौसेपुरते नव्हते, म्हणून ते वाचकांपुढे ठेवत आहोत.

गाण्याचे नाव 'टेक द ए ट्रेन'. म्हणजे 'ए' नावाची गाडी पकडा. न्यूयॉर्क शहरात 1932 साली सुरू झालेली ही भुयारी गाडी हार्लेम या कृष्णवर्णीयांच्या वस्तीत जाते. ड्यूक एलिंग्टन हे त्या काळचे नामवंत पियानोवादक आणि वाद्यवृंदाचे प्रमुख. त्यांनी बिली स्ट्रेहॉर्न या तरुणाला आपल्या घरी कसे यायचे ते सांगितले, आणि स्ट्रेहॉर्न यांनी 1939 साली त्या पत्त्याचेच गाणे केले. आपल्याकडे ठाणे-वाशी गाडी 2004 साली सुरू झाली. त्याआधी पाहुण्याला कोपरखैरण्याचा रस्ता सांगायचा म्हणजे वाशीला उतरा, मग अमुक बस धरा, मग अमुक नाक्यावर विचारा, असे पुराण होते. ज्यांनी ते सांगितले आहे त्यांना पत्त्याचे गाणे होऊ शकते हे पटेल.

हे स्ट्रेहॉर्न कोण? 1915 सालचा जन्म, पिट्सबर्ग या पोलादाच्या शहरात वाढलेले. शाळकरी वयात पडेल ते किरकोळ काम करून त्यांनी पैसे साठवले आणि आपला पहिला पियानो घेतला. त्यांना युरोपीय शास्त्रीय संगीताचे रचनाकार व्हायचे होते. पण गोऱ्यांच्या त्या दुनियेत काळ्या मुलाला कोण उभे करणार? गुण होते, दार बंद होते. डिसेंबर 1938 मध्ये त्यांची एलिंग्टन यांच्याशी गाठ पडली आणि 1967 साली मृत्यू येईपर्यंत ते त्यांच्याबरोबरच राहिले. 1941 च्या सुरुवातीला अमेरिकेत रेडिओ कंपन्या आणि संगीतकारांची संघटना यांचे मानधनावरून भांडण पेटले. एलिंग्टन संघटनेचे सभासद असल्याने त्यांच्या स्वतःच्या रचना रेडिओवर लागेनाशा झाल्या. स्ट्रेहॉर्न अजून सभासद नव्हते, म्हणून त्यांच्या रचना पुढे आल्या. 15 फेब्रुवारी 1941 रोजी 'टेक द ए ट्रेन' ध्वनिमुद्रित झाले आणि पुढे ते एलिंग्टन यांच्या वाद्यवृंदाची ओळखच होऊन बसले.

आता त्या घराकडे येऊ. वडील एमआयडीसीतल्या एका कारखान्यात हेल्पर. आई अंगणवाडीत मदतनीस. घर म्हणजे एक खोली आणि स्वयंपाकघर, भिंतीला भिंत लागून शेजारी. मुलीचे मामा भीमगीतांच्या पार्टीत पेटी वाजवतात. पार्टीसाठी त्यांनी जुना कॅसिओ घेतला, तो आठवड्याचे पाच दिवस या घरात असतो. मुलीने हे गाणे मोबाईलवर ऐकले आणि मामांच्या मागे लागली. वडिलांचा विरोध नव्हता, पण त्यांनी एकच विचारले, "ही गाणी कुणाची गं? आपला काय संबंध?" आईचा प्रश्न त्याहून सरळ होता. बारावीचे वर्ष तोंडावर आले आहे, हे वाजवून मार्क मिळणार आहेत का?

पण खरा विरोध आजींचा होता, आणि तो ऐकून आम्ही वही मिटून बसलो.

आजी महाडकडच्या. कोकणात अनेक गावांत खालू बाजा वाजवण्याचे काम महारवाड्याकडे असे. सनई, ढोल, टिमकी. शिमगा असो, पालखी असो, खोताघरचे लग्न असो, निरोप आला की जायचे. मांडवाबाहेर उभे राहून वाजवायचे आणि जेवण वेगळे घ्यायचे. आजींचे वडील सनई वाजवत. 1927 साली महाडला बाबासाहेबांनी पाणी पेटवले, तेव्हापासून गावकीची हलकी कामे सोडण्याचे वारे त्या भागात होतेच. 14 ऑक्टोबर 1956 ला धम्मदीक्षा झाली आणि पुढच्याच शिमग्याला वडिलांनी सनई माळ्यावर टाकली. "गावानं आमचं किराणा सामान बंद केलं," आजी म्हणाल्या, "आईनं रानातला पाला शिजवून घातला. वाजवायचं नाय म्हणून एवढं सोसलं. आन आता माझी नात पैसं घालून वाजवाया शिकते व्हय?"

हा प्रश्न चेष्टेवारी नेण्यासारखा नाही. आपल्यातल्या कितीतरी घरांत वाद्याशी असलेले नाते असे दुखरे आहे. आमचे म्हणणे आम्ही आजींना सांगितले ते असे: हलके ते वाद्य नव्हते. हुकूम हलका होता. कुणासाठी, कुठे उभे राहून, कुणाच्या बोलावण्यावर वाजवायचे हे दुसऱ्याने ठरवायचे, यात कमीपणा होता. सनई माळ्यावर टाकणे हे त्या वेळी स्वाभिमानाचे काम होते आणि ते ज्यांनी केले त्यांच्यापुढे आपण नम्रच असले पाहिजे. पण समाज मुका झाला नाही. त्याच सुमारास भीमराव कर्डकांसारख्यांचे आंबेडकरी जलसे गावोगाव हिंडत होते. वामनदादा कर्डक पुढे आयुष्यभर गात फिरले, विठ्ठल उमप, प्रल्हाद शिंदे यांचा आवाज घराघरांत गेला. गावकीचा बाजा सुटला आणि आपला बाजा सुरू झाला.

अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचे दुखणे याच जातीचे होते. हार्लेममध्ये कॉटन क्लब नावाची एक मोठी जागा होती. 1927 पासून तिथे एलिंग्टन यांचा वाद्यवृंद वाजवू लागला आणि रेडिओवरून त्यांचे नाव देशभर झाले. वाजवणारे काळे, नाचणारे काळे, वस्ती काळ्यांची. पण प्रेक्षक म्हणून आत प्रवेश फक्त गोऱ्यांना. खोताच्या मांडवात आणि या क्लबात फरक कितीसा? एलिंग्टन यांनी त्या जागेत राहून दुसरी वाट काढली. रोज नवे लिहायचे, आपल्या प्रत्येक वादकाचा स्वतःचा सूर ओळखून त्याच्यासाठी लिहायचे, आणि करमणूक म्हणून मागवलेल्या संगीताला असा दर्जा द्यायचा की मागवणाऱ्यालाच मान वर करून पाहावे लागेल. आजींना हे सगळे पटले असे आम्ही म्हणणार नाही. त्या ऐकून घेऊन म्हणाल्या, "मग त्यांना आत घेतलं का नंतर?" या प्रश्नाचे उत्तर लांब आहे. 1963 साली अमेरिकन सरकारने एलिंग्टन यांना आपले सांस्कृतिक दूत म्हणून परदेशी धाडले. ते भारतातही आले, मुंबईतही त्यांचे कार्यक्रम झाले, स्ट्रेहॉर्न बरोबर होते. त्याच वर्षी सप्टेंबरात बर्मिंगहॅम शहरात काळ्यांच्या चर्चमध्ये बाँब फुटून चार मुली ठार झाल्या होत्या. बाहेर मिरवायला काळा कलावंत आणि घरी काळ्यांच्या मुलींना बाँब. ज्यांना जातीचा अनुभव आहे त्यांना ही रीत वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

वडिलांनी विचारलेल्या 'आपला काय संबंध' याचेही उत्तर इथेच आहे. बाबासाहेब 1913 ते 1916 कोलंबिया विद्यापीठात शिकत होते. ते विद्यापीठ ज्या चढावर आहे त्याच्या पायथ्याशी हार्लेम आहे. बाबासाहेब तिथे होते तेव्हा ही ए गाडी नव्हती आणि हे गाणेही नव्हते, तेव्हा ओढूनताणून नाते जोडण्याची गरज नाही. पण 1946 साली बाबासाहेबांनी डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस या कृष्णवर्णीय विचारवंताला पत्र लिहून, त्यांच्या समाजाने संयुक्त राष्ट्रसंघाकडे केलेल्या अर्जाची प्रत मागवली होती, आणि अस्पृश्यांच्या व काळ्यांच्या स्थितीत किती साम्य आहे हे त्यात मांडले होते. ड्यू बॉइस यांनी सहानुभूतीने उत्तर दिले. पुढे 1966 साली तिकडे ब्लॅक पँथर झाली आणि 1972 साली इकडे मुंबईत दलित पँथर. राजकारणातला हा धागा आपण सांगतो, भाषणांत वापरतो. त्यांच्या संगीताकडे मात्र आपण फारसे वळलो नाही. ते आपल्याला श्रीमंतांचे वाटले, कारण मुंबईत ते श्रीमंतांच्या हॉटेलांत वाजत होते.

तोही इतिहास थोडक्यात सांगायला हवा. 1935 साली लिऑन ॲबी यांचा कृष्णवर्णीय वाद्यवृंद मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात आला. मागोमाग टेडी वेदरफोर्ड हे पियानोवादक आले. शिकागोत लुई आर्मस्ट्राँग यांच्याबरोबर वाजवलेला हा माणूस. त्यांच्या डाव्या हाताच्या ताकदीचे आजही कौतुक होते. ते परत गेलेच नाहीत. 1945 साली कलकत्त्यात कॉलऱ्याने वारले. त्यांच्याकडून आणि तबकड्यांवरून हे संगीत गोव्याच्या ख्रिस्ती वादकांनी उचलले. हळदोण्याचे आंतोनियो झेवियर वाझ हे त्यातले एक. 'चिक चॉकलेट' या नावाने ते ट्रंपेट वाजवत. ताजच्या नाचघरात गिरणी कामगाराला कोण सोडणार होते? पण हेच वादक दिवसा सिनेमाच्या गाण्यांना वाजवत. पुणतांब्याचे सी. रामचंद्र यांच्या 1951 सालच्या 'अलबेला'त चिक चॉकलेट होते, आणि 'शोला जो भडके' आपल्या आजोबांनी चाळीच्या गॅलरीत उभे राहून ऐकले. म्हणजे जॅझ आपल्या कानात होते, फक्त त्याचे नाव आपल्याला कुणी सांगितले नव्हते. मामांनी 'टेक द ए ट्रेन' पहिल्यांदा ऐकले तेव्हा ते म्हणाले, "अरे, हा झोका तर आपल्या ऑर्केस्ट्रातला!"

जॅझमध्ये 'स्टँडर्ड' म्हणतात ते सगळ्या वादकांना पाठ असलेले गाणे. मुंबईचा वादक आणि न्यूयॉर्कचा वादक कधी भेटले नसले तरी गाण्याचे नाव आणि पट्टी सांगितली की एकत्र वाजवू शकतात. चाल सगळ्यांची, पण चाल एकदा वाजवून झाली की त्याच चौकटीवर प्रत्येकाने आपले म्हणणे वाजवायचे. नुसती चाल वाजवून उठणारा वादक म्हणजे प्रस्तावना करून खाली बसणारा वक्ता.

इथे भीमगीतवाल्यांनी कान टवकारावेत. आपण काय करतो? सिनेमाची लोकप्रिय चाल घेतो आणि तिच्यावर बाबासाहेबांचे शब्द बसवतो. काही शिष्ट लोक याला उसनवारी म्हणून नाक मुरडतात. जॅझवाल्यांनी उलट बाजूने हेच केले. जुन्या गाण्याची स्वरांची चौकट तशीच ठेवायची आणि वर चाल नवी करकरीत बांधायची. चार्ली पार्कर यांचे 1946 सालचे 'ऑर्निथॉलॉजी' हे 'हाऊ हाय द मून' या गाण्याच्या चौकटीवर उभे आहे. त्याला जगात कुणी चोरी म्हणत नाही. आणखी एक साम्य सांगतो. 1970 नंतरच्या दशकात अमेरिकेत बोस्टनच्या बर्कली संगीत महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांनी या गाण्यांची 'रिअल बुक' नावाची वही तयार केली आणि ती हातोहात, लपूनछपून विकली गेली. चैत्यभूमीच्या आणि दीक्षाभूमीच्या रस्त्यावर मिळणाऱ्या आपल्या गीतांच्या पुस्तिका आठवा! फरक एवढाच की त्या वहीतून रचनाकारांना पैसे मिळत नव्हते, आणि ते काही बरे नव्हते. 2004 साली तिची रीतसर परवाना घेतलेली आवृत्ती निघाली. घ्यायची तर ती घ्यावी. धोबीतलावला फुर्टाडोजसारख्या दुकानात अशी पुस्तके मिळतात.

आता शिकायचे कसे, ते पाहू. घरातल्या मुलामुलींना हा भाग वाचून दाखवला तरी चालेल. पेटी ज्याला येते त्याला यातले अर्धे येतेच.

आधी गाण्याचा आराखडा. चार मात्रांचा एक तुकडा, त्याला बार म्हणतात. असे आठ बार म्हणजे एक भाग. या गाण्यात चार भाग आहेत: मुखडा, पुन्हा मुखडा, अंतरा, पुन्हा मुखडा. एकूण 32 बार. ते संपले की पुन्हा पहिल्यापासून. तबल्याचे आवर्तन जसे फिरत राहते तसे हे बत्तीस बारांचे आवर्तन फिरते, आणि वादकाने डोळे मिटूनही आपण कुठे आहोत हे विसरायचे नाही. मुलीने पहिला आठवडा काही वाजवलेच नाही. ध्वनिमुद्रण लावायचे आणि बोटांवर बार मोजायचे. 1941 चे ते ध्वनिमुद्रण पुरते तीन मिनिटांचेही नाही. त्यात सुरुवातीला पियानोचे चार बार एलिंग्टन यांचे आहेत आणि मध्ये रे नान्स यांचा ट्रंपेट आहे. नान्स यांनी त्या दिवशी जे वाजवले ते इतके गाजले की पुढचे वादक तेही पाठ करू लागले.

मग टाळी. आपली टाळी समेवर पडते, जोर पहिल्या मात्रेवर. जॅझमध्ये टाळी दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर. हे लिहायला सोपे आहे, करून पाहा! घरातल्या सगळ्यांनी करून पाहिले. वडिलांची टाळी दर वेळी पहिल्या मात्रेवर जाऊन पडे आणि ते स्वतःच हसत. शिवाय मात्रेचे दोन भाग सारखे नसतात. एका मात्रेचे मनात तीन तुकडे करायचे, पहिले दोन जोडून लांब आणि तिसरा आखूड. हाच तो झोका. त्याला स्विंग म्हणतात. ढोलकीवाल्याला हे सांगावे लागत नाही.

चाल उजव्या हाताने. पांढरी 1 ला सा धरले तर गाणे खालच्या पंचमावर सुरू होते आणि एकदम वरच्या गंधारावर उडी घेते. हे सरळ आहे, शुद्ध स्वर आहेत. तिसऱ्या बारात मात्र चाल काळी 4 वर येऊन थांबते. कोमल धैवत. इतक्या उजळ गाण्यात हा स्वर असा येतो की गाडीने वळण घेतल्यासारखे वाटते. मुलगी सुरुवातीला तिथे पांढरी 5 वाजवायची, कारण कान तेच मागतो. मामा म्हणायचे, "गाडी चुकली गं, पुढच्या स्टेशनला उतर." सगळे गाणे या एका काळ्या पट्टीवर उभे आहे, असे आमचे मत झाले आहे. जाणकारांनी हवे तर वाद घालावा.

अवघड काम डाव्या हाताचे. पेटीवाल्याचा डावा हात जन्मभर भात्यावर असतो. त्याने कधी स्वर दाबलेलाच नसतो. मामा तीस वर्षे पेटी वाजवतात, पण डाव्या हाताने दोन पट्ट्या दाबायला सांगितल्या तर त्यांचा हात आपोआप भाता ओढल्यासारखा हलतो. म्हणून या बाबतीत भाचीच पुढे आहे. पियानोत डाव्या हाताने कॉर्ड धरायची असते, म्हणजे एकाच वेळी दाबलेले तीन-चार स्वर. पण सुरुवातीला सगळे स्वर दाबण्याची गरज नाही. दोन बोटे पुरतात, आणि ती कशी ते या गाण्यात फार सुंदर दिसते. पहिल्या दोन बारांत पांढरी 3 आणि पांढरी 6. तिसऱ्या-चौथ्या बारात काळी 3 आणि तिच्या वरची पांढरी 1. पाचव्या बारात वरचे बोट हलत नाही, फक्त खालचे काळी 3 वरून शेजारच्या पांढरी 4 वर उतरते. सहाव्यात खालचे तसेच राहते आणि वरचे एक घर खाली, पांढरी 7 वर. सातव्यात दोन्ही खाली येऊन पुन्हा पांढरी 3 आणि पांढरी 6. बस, मुखडा झाला. अंतऱ्यात पहिले चार बार मध्यमाच्या कॉर्डवर थांबायचे, पुढचे दोन पुन्हा त्या काळी 3 आणि पांढरी 1 वर, आणि मग शेवटचे दोन मुखड्याच्या पाचव्या-सहाव्या बारासारखेच. मूळ स्वर सा, रे, प हे खर्जात वाजवायला मामा पेटी घेऊन शेजारी बसतात. पेटी आणि कॅसिओ यांचा सूर थोडा जुळत नसेल तर कॅसिओत सूर वर-खाली करण्याची सोय असते, तिचा उपयोग करावा.

दोन्ही हात एकत्र आणताना वेग मिनिटाला 60 मात्रांहून अधिक ठेवू नये. कॅसिओत मात्रा मोजणारा ठोका असतोच. चार बार आले की पुढचे चार. रोज अर्धा तास, पण रोज. आठवड्यातून एकदा तीन तास बसून काही होत नाही. या घरात रात्री साडेनऊला जेवणे झाली की कानाला हेडफोन लावून अर्धा तास ठरलेला आहे. शेजाऱ्यांना फक्त पट्ट्यांची टकटक ऐकू येते. बारावीची काळजी करणाऱ्या आईने हा अर्धा तास घड्याळ लावून मान्य केला, आणि अभ्यास झाला नाही त्या दिवशी कॅसिओला हात लावायचा नाही असेही बजावले. आम्हाला हे योग्य वाटते. टीव्हीच्या मालिकेला आपण याहून जास्त वेळ देतो.

शिकवणीचा प्रश्न राहतो. मुलीने एका क्लासमध्ये विचारले होते. त्यांनी आधी परदेशी मंडळाच्या परीक्षा एकामागून एक द्या, जॅझचे नंतर बघू असे सांगितले, आणि फी ऐकून वडील गप्प झाले. परीक्षा वाईट नाहीत. स्वरलिपी वाचता येणे फार उपयोगाचे आहे, आणि ती शिकण्यात आपल्या मुलांनी मागे राहू नये. कानावर अवलंबून राहणारा वादक दुसऱ्याच्या पार्टीतच अडकून राहतो, हे मामांनी स्वतः आम्हाला सांगितले. पण क्लास परवडत नाही म्हणून गाणेच शिकायचे नाही, हे काही खरे नाही. जॅझचे पहिले कितीतरी वादक एकमेकांचे ऐकूनच शिकले. कॅसिओच्या पट्ट्या हलक्या असतात, 61 असतात. पियानोच्या 88 असतात आणि जड असतात, दाबाप्रमाणे आवाज लहानमोठा होतो. हा फरक मोठा आहे. तरी हे गाणे 61 पट्ट्यांत आरामात बसते. ज्यांना जमेल त्यांनी पाच-सहा घरांत मिळून एक दाबाला प्रतिसाद देणारा कीबोर्ड घ्यावा आणि तो बुद्धविहारात ठेवावा. विहारात वाचनालय असते, शिवणवर्ग असतात, मग हे का नको?

आजींचे काय झाले, असे वाचक विचारतील. त्या अजून बोलत नाहीत या विषयावर. मात्र मामांनी एकदा गावाकडच्या खालू बाजातला सनईचा एक तुकडा पेटीवर काढून दाखवला तेव्हा, "असा नव्हता तो," एवढे म्हणून त्यांनी तो गुणगुणून दुरुस्त केला. त्यांना तो पाठ होता.

सध्या मुलगी चाल संपल्यावरच्या पहिल्या आठ बारांवर अडली आहे, जिथे स्वतःचे काही वाजवायचे असते. मामांनी तिला युक्ती सांगितली: जॅझवाले मध्येच दुसऱ्या गाण्याची ओळ पेरतात, तू जयंतीच्या एखाद्या गीताची ओळ घाल. ती चाल सा रे ग प ध या पाच स्वरांतली आहे आणि पहिले दोन बार छान बसते. तिसऱ्या बारात मात्र तिचा पंचम आणि गाण्याची ती काळी 4 यांची टक्कर होते. पंचम अर्धा स्वर वर उचलून पाहिला तर गीताची ओळ ओळखू येत नाही. तसाच ठेवला तर कानाला टोचतो. आता ती ओळ दोन बार उशिरा सुरू करून पाहायची, म्हणजे तिसरा-चौथा बार मोकळा जाईल आणि पंचम पाचव्या बारापासून पुढे येईल, असे दोघांचे ठरले आहे. आम्ही निघालो तेव्हा ते बोटांवर बार मोजत बसले होते.